दहावी सायकल

पारापाशी एकही सायकल नव्हती. खंडेनवमीची सकाळ, नुकते आठ वाजलेले, आणि दहाच्या दहा जागा रिकाम्या. करिष्माने त्या पुन्हा एकदा मोजल्या.

पुण्यात शिकताना ती रस्त्यावरच्या सार्वजनिक सायकली वापरायची. मोबाइलवर कुलूप उघडायचं, पोचलं की स्टँडवर सोडून द्यायची. गावी परतल्यावर तिने तेच मांडलं. दहा जुन्या सायकली गोळा केल्या, पिवळ्या रंगवल्या आणि सांगितलं, पारापाशी घ्या, तीन किलोमीटरवर उमापूर फाट्याला एसटीपाशी लावा, रात्री परत पारापाशी आणा. ना कुलूप, ना मोबाइल. कॉलेजच्या पोरींची तर पायपीटच थांबली.

सरपंच विठ्ठलरावांना मात्र हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. माणसाच्या दारात स्वतःची गाडी पाहिजे, असं त्यांचं मत. त्यांच्या दारात जीप होतीच. त्यांच्या बायकोचा, छबुबाईंचा, गुडघा न्हाणीत घसरून फुटला, तेव्हा दवाखान्यात न्यायला जीपच कामाला आली, हे त्यांनी गावाला दहादा ऐकवलं होतं. काल तर पारावर सगळ्यांदेखत बोलले, "उद्या जो तो आपलं अवजार, आपली गाडी पुजणार. ह्या बेवारशी सायकलींना हळद-कुंकू कोण लावणार हाय? जिला मालक न्हाई, ती वस्तू टिकत न्हाई, पोरी. उद्या एक जरी कमी भरली, तर बाकीच्या गोदामात टाकीन."

आणि आज ते गोदामाची किल्ली बोटावर फिरवत आलेच. रिकाम्या जागा बघून म्हणाले, "बरं झालं. गोदाम उघडायचंबी काम वाचलं."

तेवढ्यात घंटी वाजली. हरिबा सायकल ढकलत येत होते. सायकल धुतलेली, हँडलला झेंडूचा हार, चाकाला कुंकू.

"पुजायला नेलती घरी," हरिबा म्हणाले. "आमची हाय नव्हं."

मागून कौशल्याबाई आल्या, त्यांच्या सायकलीवरून नारळाचं पाणी अजून ठिबकत होतं. मग तिसरी, चौथी. एकीला तर दोन हार होते, कारण दोन घरांत काही केल्या वाद मिटला नव्हता. करिष्माला हसू आवरेना.

विठ्ठलरावांनी मात्र बोट दाखवत मोजलं. "नऊ. एक कमी हाय."

करिष्माचं हसू मावळलं. दोन क्षण आनंदसुद्धा होऊ देत नाही हा माणूस.

"सरपंच," हरिबा हळूच म्हणाले, "समद्या गल्ल्या झाल्या. तुमचीच तेवढी राह्यली."

"चला, तीबी बघू," म्हणत विठ्ठलराव तरातरा पुढे निघाले. मागे सगळा गाव.

वाड्याच्या फाटकाबाहेर जीप उभी होती, कालच्या धुळीसकट. आत जीपच्या जागेवर रांगोळी घातली होती. रांगोळीत दहावी सायकल, आणि तिला ओवाळत छबुबाई. गुडघा कशाने फुटला, ते न सांगताच सगळ्यांना कळलं.

"छबू, अगं, आपली गाडी सोडून हे काय?" विठ्ठलराव फाटकातच थबकले.

छबुबाईंनी ओवाळणं पुरं केलं, पदर खोचला आणि स्टँड काढून सायकल हातात घेतली.

"जीप तुमची हाय, तुमी धुवा," त्या म्हणाल्या. "माझी ही."