स्वयंपाकघराची झडती

“आमच्या म्हातारीनंच चोरून चारलं असणार. दुसरं आहे कोण?” असं म्हणत बेकरीवालीनं हातातली पिशवी बाकावर उपडी केली.

शाळेचा रिकामा वर्ग. शनिवारची दुपार. नुकतेच पुसलेले काळे बाक, आणि त्या बुटक्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेल्या सहा आया. सहाही जणींच्या लेकरांना एकच दुखणं. गहू पोटात गेला की आतडं सोलवटतं. कणभरही चालत नाही. ज्या लेकराचा रक्ताचा रिपोर्ट बिघडेल त्याच्या आईनं आपलं स्वयंपाकघर पिशवीत भरून आणायचं आणि बाकीच्यांनी ते उलटंपालटं करून बघायचं, असा त्यांचा रिवाज होता. त्याला त्या झडती म्हणायच्या. आजची झडती बेकरीवालीची. सकाळची पाळी संपवून ती धावतपळत घरी गेली होती, दारातच बिलगलेल्या लेकीला शेजारणीकडे सोपवून, पिशवी उचलून अंगावरच्या कपड्यांनिशी इथं आली होती.

झडती घेणारी बाई त्यांच्यात सगळ्यात जुनी. तिचा मुलगा आठ वर्षं गव्हाविना वाढला होता. आवाज असा की सगळ्या तिला जमादारीणच म्हणायच्या. तिनं चाळणी उजेडात धरली. पळीच्या सांध्यात नख घातलं. डब्याचं झाकण हुंगलं.

“चाळणी नवी, लाटणं नवं, डबे वेगळे. अगं, माझ्यापेक्षा चोख आहे तुझं!”

“मग? पाच महिने डोळ्यात तेल घालून जपतेय. बेकरीतला फुटका पावसुद्धा घरी आणला नाही.” बेकरीवाली बाकावर कोपरं टेकून बसली. तिचा आवाज रडवेला झाला. “सहा वर्षांची पोर, पण चारची वाटते. रात्रंदिवस पोट धरून बसते. पुढच्या खेपेला रक्तातला आकडा उतरला नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल म्हणालेत.”

पहिल्या तीन महिन्यांत आकडा उतरला होता, पण हवा तेवढा नाही. तेव्हाच तिच्या मनानं घेतलं, हे सासूचं काम. आज्या असतातच तशा, नात रडली की बिस्कीट काढून देतात. शिवाय सासूचं आणि तिचं आधीपासूनच फाटलेलं. ही कामावरून आली की म्हातारी दारातच आडवी यायची. “आधी अंगावरचं बदल, हातपाय धू, मग घे लेकीला,” हे तिचं रोजचं पालुपद. जणू सुनेच्या कष्टाच्या कपड्यांना वासच मारत होता. एक दिवस सुनेचा तोल गेला. “माझ्या लेकीच्या पोटात विष घालता आणि वर मलाच शिकवता?” असं ती भर दारात ओरडली. म्हातारी एवढंच म्हणाली, “मी नाही गं दिलं काही.” दुसऱ्या दिवशी चार लुगडी बांधून लेकीकडे गेली. त्याला आता दोन महिने झाले होते.

जमादारणीनं नवा रिपोर्ट हातात घेतला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हा कधीचा?”

“परवाचा. दुप्पट झालाय आकडा.”

“सासू घरात असताना उतरत होता, आणि ती गेल्यावर दुप्पट झाला?”

हा हिशोब बेकरीवालीनं असा मांडलाच नव्हता.

“बरं, मला सांग,” जमादारणीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, “तू कामावरून घरी गेलीस की आधी काय करतेस?”

“करणार काय? पोरगी उपाशी वाट बघत असते. दारातच पोटाला मिठी मारते, पदरात तोंड खुपसते. तशीच मांडीवर घेते आणि भरवते. आता मध्ये टोकणारं तरी कोणी नाही.”

जमादारीण तिच्याकडे बघत नव्हती. बाकाकडे बघत होती. बेकरीवालीनं कोपरं उचलून खाली पाहिलं. काळ्याभोर बाकावर, कोपरं टेकली होती तिथं, दोन पांढरे ठसे उमटले होते. तिनं खांद्यावरून हात फिरवला. तळवा पांढरा झाला. केसांतून फिरवला, तर मांडीवर पीठ भुरभुरलं.

मघाशी घरी दारात पोरीनं याच पदरात तोंड खुपसलं होतं.

“माझा नवरा पिठाच्या गिरणीत होता,” जमादारीण तिच्या पाठीवर हात ठेवत हळूच म्हणाली. “मला कळायला दोन वर्षं लागली. डॉक्टर खाणं विचारतात गं, कामाचं कोण विचारतं? आणि मीही माझ्या सासूलाच बोल लावला होता. सांगायला गेले तोवर ती राहिली नव्हती. तुझी आहे ना? ऊठ.”

बेकरीवालीनं सासूला फोन लावला. बऱ्याच वेळानं तो उचलला गेला.

“आई, घरी या.”

“का गं? पोर बरी आहे ना?” म्हातारीचा आवाज घाबरलेला होता. मग तिनं विचारलं, “सापडलं का, तिला कोण देत होतं ते?”

“सापडलं.”

“कोण?”

पाच जणींच्या देखत तिनं आपला पांढरा तळवा डोळ्यांसमोर धरला.

“मी,” ती म्हणाली.