चार तुझ्या, चार माझ्या

"टॉवर पहिल्या दिवशी नको," थोरली जाऊ म्हणाली. "आधी पाय जमिनीला लागू देत, मग आभाळाला."

चादरींच्या गठ्ठ्यावर त्या मोठ्या शहराचा नकाशा पसरला होता आणि धाकटी त्यावर पेनानं खुणा करत होती. दोघी जावा एका घरात स्वयंपाक करायच्या आणि एकाच हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर खोल्या आवरायच्या. थोरलीच्या नोकरीला वीस वर्षं झाली म्हणून मालकांनी बक्षीस दिलं होतं. आशियातल्या मोठ्या शहरांत ज्याचं नाव आधी घेतात, तिथल्या त्यांच्या हॉटेलात आठ रात्री एक खोली फुकट.

मॅनेजरनं पाचर मारली. दोघी एकदम गेल्या तर चौथा मजला कोण बघणार?

"मग तूच जा आठही दिवस," थोरली म्हणाली. "मला काय बघायचंय? मला एकदा पोटभर झोपायचंय, बस."

"तुम्ही नाही, तर मीही नाही."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. माहेर आणि सासर यांपलीकडे धाकटीनं काही पाहिलं नव्हतं. बोटीत बसून त्या शहरातली नदी ओलांडायची, एवढीच तिची हौस. रोज झाडू मारताना ती मनातल्या मनात ओलांडायची. पण बक्षीस थोरलीचं. तिनं उंबरा ओलांडल्याशिवाय आपण कसा ओलांडायचा?

शेवटी तोडगा निघाला. पहिल्या चार रात्री थोरलीच्या, पुढच्या चार धाकटीच्या. पाहिलेलं एकमेकींना सांगायचं, म्हणजे दोघींचे आठ दिवस झाले.

थोरलीनं नकाशाची तीन पदरी घडी घातली आणि वरचा कोपरा आत खोचला.

"अहो, नकाशा आहे तो. टॉवेल नाही."

"टोक बाहेर दिसलं की घडी कच्ची," थोरली म्हणाली.

निघायच्या दिवशी तिनं कुणालाही स्टेशनवर येऊ दिलं नाही. "कामाला जाते तशी जाते. वरात नको."

त्या दिवसापासून सगळा मजला धाकटीच्या अंगावर पडला. दुपारी थोरलीचा फोन आला, तेव्हा ती एका हातानं ट्रॉली ढकलत होती.

"पोचलात? काय काय पाहिलं?"

"आज नुसती पडलेय गं. गादी काय मऊ आहे! वीस वर्षं लोकांना अंथरून दिली, पाठ आत्ता टेकली."

"खिडकीतून काय दिसतं?"

"पाण्याच्या टाक्या."

"एवढ्या लांब जाऊन टाक्या?"

"शहर म्हटलं की टाक्या आल्याच."

दुसऱ्या दिवशी टॉवर झाला. लिफ्टमध्ये कानात दडे बसले म्हणे. तिसऱ्या दिवशी बाजार झाला आणि बोटही. धाकटीनं वहीत लिहून दिलेलं एकही ठिकाण थोरलीनं सोडलं नाही, क्रमही बदलला नाही. धाकटीला त्याचंच कौतुक वाटलं.

"बोट हलते का हो फार?"

"पाळण्यासारखी."

"फोटो काढलात?"

"माझ्या या डबड्यात? तुझं सांग. दमलीस का?"

"दमेन नाहीतर काय! आणि चारशे सतरात एक विचित्र पाहुणा आलाय. तीन दिवस झाले, दाराला 'त्रास देऊ नका'ची पाटी. वापरलेले टॉवेल तेवढे घडी करून बाहेर ठेवतो. आजारी-बिजारी असला तर?"

"रिसेप्शनवर विचारलंस?"

"तो चष्मेवाला हसतो नुसता. म्हणतो, तुम्ही लक्ष घालू नका."

"मग नको घालूस. तुझी एक खोली कमी झाली ना? आणि त्या ट्रॉलीच्या चाकाला तेल दे जरा. किती कुरकुरतंय!"

"तुम्हाला तिथवर ऐकू येतं?"

"फोनमधून येणारच की."

पाचव्या दिवशी सकाळी थोरली बॅग घेऊन थेट कामावरच हजर झाली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, गालांवर तकाकी आली होती.

"शहर मानवलं हो तुम्हाला!"

"मग! निघ आता, गाडी चुकेल." थोरलीनं तिच्या हातात नकाशा ठेवला. घड्या अजून कडक होत्या.

"खोली आवरून आलात ना? नाहीतर तिथल्या बाया माझ्या नावानं खडे फोडतील."

"मी राहून गेले असं कुणाला वाटणारसुद्धा नाही," थोरली म्हणाली.

त्या शहरात पोचल्यावर धाकटीला धीर धरवेना. टॉवरचा क्रम मोडून, बॅग रिसेप्शनवर टाकून ती आधी बोटीकडेच धावली. वारा तोंडावर आला तशी ती आपली आपणच हसली. बोट खरंच पाळण्यासारखी हलत होती. जाऊबाई कुठल्या बाकावर बसल्या असतील, असं म्हणत तिनं जाताना एक बाक आणि येताना दुसरा घेतला.

संध्याकाळी ती खोलीत आली. चादरीवर सुरकुती नाही, उशीला खड्डा नाही, पेल्यांवरची कागदी झाकणंसुद्धा जागच्या जागी. धाकटीला हसू आलं. सुट्टीतही बाईचा हात थांबला नाही तर!

तिनं पडदा सारला. खाली नदी होती आणि नदीवर दिवे लावलेल्या बोटी. टाकी एकही नव्हती.

दारावर टकटक झाली. तिथली खोल्या आवरणारी बाई टॉवेल घेऊन आली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाईनं पलंगाकडे बोट केलं, चार बोटं दाखवली, गालाखाली हात घेऊन झोपल्याची खूण केली आणि जोरजोरात मान हलवली. नाही, कुणीच नाही. मग धाकटीकडे बघून ती तोंडभर हसली. आलं बाई एकदाचं कुणीतरी!

धाकटीनं फोन काढला. नंबर लावला आणि वाजायच्या आधीच बंद केला. त्या वेळी जाऊबाई चौथ्या मजल्यावर असणार, मागच्या बाजूला, जिथल्या खिडक्यांतून गच्चीवरच्या टाक्या दिसतात.

चारशे सतराच्या दाराबाहेरचे टॉवेल तिच्या डोळ्यांसमोर आले. चारही दिवस तशीच घडी. तीन पदरी, कोपरा आत.