दोघांना चालणारं नाव

कुणाली पाळण्यावर वाकली, तेवढ्यात चंदरने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ती ताठ उभी राहिली. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बायकांनी उगारलेले हात तसेच राहिले. बाळाचं नाव साईनाथ ठरलं होतं आणि ते अख्ख्या सापगावला ठाऊक होतं.

"दादा, ते नाव किरणचं हाय ना?" कुणालीने भावाला विचारलं.

"मग? दोघांना चालतंय ते."

चार वर्षांपूर्वी चंदरने पहिल्या मुलीचं नाव किरण ठेवलं, तेव्हा गावात चर्चेला ऊत आला होता. पोरीला बाप्याचं नाव कशाला, म्हणून म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. अंगणवाडीच्या ताईंनी मात्र चंदरचं कौतुक केलं. शिकलेले लोक हल्ली अशीच नावं ठेवतात, म्हणाल्या. भेंडी वाहायच्या टेम्पोच्या काचेवरही त्याने 'किरण' रंगवलं होतं. लेकीचं नाव गाडीवर मिरवणारा बाप पंचक्रोशीत दुसरा नव्हता. ते नाव बायकोच्या सातव्या महिन्यातच रंगवून झालं होतं, हे फक्त घरच्यांच्या लक्षात राहिलं. सरितालाही माहीत होतं. पण नवऱ्याचं कौतुक ऐकायला कुणाला नको असतं? तिने स्वतःची समजूत घातली आणि चार वर्षं सुखाने काढली.

"आणि तिला काय हाक मारायची?" पाळण्याशेजारी बसलेल्या सरिताने विचारलं. आवाज बाळंतिणीचा, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"वर्षा. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरीच ठेवलीय मी. शाळेत घालायच्या आधी व्हायला पायजे, म्हनून आज बोलतोय."

म्हणजे एसटीच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतात, तशी याने चार वर्षं पोरगी ठेवली होती. सरिताच्या अंगाची लाही लाही झाली.

"चार वर्षं माझी पोर त्या नावाला ओ देते," ती म्हणाली. "ते मी कुनाला देनार नाय."

सासू भागीरथी पाटीतल्या घुगऱ्या वाढत होती. तिने मान वर केली नाही.

"पोर बारकी हाय, ईसरंल. तुला पोरगा झाला म्हनून तर एवढा मांडव घातलाय गो. उगा अपशकुन करू नको."

सरिताने बायकांकडे पाहिलं. अंगणवाडीच्या ताईही आल्या होत्या. त्या द्रोणातल्या घुगऱ्या निवडत बसल्या. मोठी मोठी मतं असतात माणसांना, पण ती दुसऱ्याच्या घरात जेवताना बाहेर पडत नाहीत. कुणालीलाही माहेर तोडायचं नव्हतं. ती पुन्हा पाळण्यावर वाकली आणि तिने बाळाच्या कानाशी "कुर्र" केलं. पाठीत धपाटे बसले.

"किरण!" तिने नाव मोठ्याने सांगितलं.

ओट्यावर खेळणारी चार वर्षांची पोर धावत आत आली. गुडघ्यांना माती लागली होती.

"काय गो आत्या?"

कुणी हसलं नाही. चंदर पाळण्याची दोरी धरून उभा होता. सगळी माणसं सरिताकडे बघू लागली. पोरही आईकडे बघू लागली. सरिताने एकदा पाळण्याकडे पाहिलं.

"तुला नाय बोलवलं," ती म्हणाली. "जा खेळ, वर्षा."