संमतीशिवाय

"'ही कल्पना मी पतीच्या वहीतून, त्यांच्या नकळत व संमतीशिवाय घेतली,'" लताबाईंनी स्टॅम्पपेपरवरच्या ओळीवर बोट ठेवून मोठ्यांदा वाचलं आणि मान वर केली. "म्हणजे मी चोरली."

"चोरली असं कुठं लिहिलंय, वहिनी?" यादव वकील म्हणाले. "घेतली, एवढंच आहे."

गंगापूर रोडवरच्या वकिलांच्या खोलीत डोक्यावर पंखा फिरत होता, तरी लताबाईंचा नवरा निवृत्ती घामाघूम झाला होता. पाटबंधारे खात्यातला हा कारकून गेली पाच वर्षं इंदिरानगरच्या घराच्या गच्चीवर एकच यंत्र मांडत-मोडत होता. खाली माशांची टाकी, वर खडीत लावलेली भाजी. माशांचं घाण पाणी पंपाने वर चढायचं, भाजी पोसायचं आणि खडीतून निवळून पुन्हा टाकीत पडायचं. ब्याऐंशी साली त्याने पेटंटचा अर्ज केला. तीन वर्षांनी तो मंजुरीपर्यंत आला, आणि नेमका तेव्हाच पुण्याच्या एका कंपनीने विरोध दाखल केला. कल्पना नवी नाही, अर्जाच्या आधीच ती छापून आलेली आहे, असं कंपनीचं म्हणणं. पुरावा म्हणून एकोणऐंशी सालच्या रविवारच्या पेपरचं कात्रण जोडलं होतं.

'गृहिणींच्या युक्त्या' या सदरातल्या चार ओळी. 'टाकीत मासे असतील तर पाणी घाण होते. ते खडीत लावलेल्या अळूवर सोडावे. खडीतून गाळून येणारे पाणी पुन्हा टाकीत घ्यावे. मासे मरत नाहीत व अळू बारा महिने मिळते. सौ. लता निवृत्ती गांगुर्डे, नाशिक.'

"कायद्यात एकच वाट आहे," वकील तिसऱ्यांदा समजावून सांगू लागले. "छापलेली कल्पना मुळात अर्जदाराकडूनच घेतलेली असेल आणि त्याला न विचारता छापली असेल, तर ती त्याच्या आड येत नाही. तुम्ही एवढं शपथेवर सांगितलंत की कंपनीचं तोंड बंद."

लताबाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुमची तेव्हा देवळ्याला बदली झाली होती. महिन्यातून दोनदा घरी यायचात. टाकी मी बांधून घेतली, मासे मी सोडले, अळू मी लावलं. तुमची वही होती कुठं?"

"आणि पंप कोणी बसवला?" निवृत्ती उसळला. "किती माशांना केवढा वाफा, हे गणित कोणी मांडलं? किती रात्री जागलो मी!"

"तुम्ही मांडलं. मी कुठं नाही म्हणते? तेच लिहा ना. मला कशाला चोर करता?"

"ती सगळी सुधारणा झाली, वहिनी," वकील म्हणाले. "मूळच आधी छापलेलं असलं तर ती उभी कशावर करू?"

निवृत्तीने कपाळ पुसलं. "अगं, पण छापून आलं तेव्हा सांगायचं तरी मला!"

"सांगितलं होतं. पेपर तुमच्या ताटाशेजारी ठेवला होता. तुम्ही त्यातलं क्रिकेटचं पान काढून घेतलंत."

आठ दिवस घरात हेच चाललं होतं. एका सहीचा तर प्रश्न आहे, असं म्हणून निवृत्ती ताटावरून उठायचा, आणि भरलेलं ताट झाकून ठेवता ठेवता लताबाईंचा जीव मेटाकुटीला यायचा. त्यांना वहीचा कंटाळा आला होता, अळूचा कंटाळा आला होता.

"चला," त्या उठल्या. "कुठं करायची सही?"

नोटरी शफीसाहेब त्याच इमारतीत जिन्याखाली टेबल टाकून बसत. लताबाईंनी त्यांच्यासमोर सावकाश, पूर्ण नावाची सही केली. निवृत्तीने इतक्या दिवसांनी श्वास सोडला. शफीसाहेबांनी शिक्का शाईवर दाबला आणि सवयीने विचारलं, "वाचून बघितलंत ना, बाई? सगळं खरं आहे?"

"सही खरी आहे," लताबाई म्हणाल्या. "मजकूर खोटा आहे."

"लता!"

शफीसाहेबांनी वकिलांकडे पाहिलं, मग निवृत्तीकडे पाहिलं. शिक्का बाजूला ठेवून त्यांनी कागद वकिलांच्या हातात दिला. "मला विचारावं लागतं, साहेब," ते म्हणाले आणि मागच्या माणसाला पुढे या म्हणून खूण केली.

"मग कंपनीला काय उत्तर द्यायचं, ते आता तुम्हीच मला सांगा," असं म्हणत यादव वकील जिना चढून गेले.

बसस्टॉपपर्यंत निवृत्ती चार पावलं पुढेच चालत होता. एक बस आली, थांबली, गेली. तो चढला नाही, म्हणून लताबाईही चढल्या नाहीत.

"गेला अर्ज," तो शेवटी म्हणाला.

"गेला."

मग एकदम त्यांच्याकडे वळून त्याने विचारलं, "पाणी परत टाकीत घ्यायचं तुला सुचलं कसं?"

इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं. लताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"सुचायचं काय त्यात? नळ कोरडे होते. लांबच्या विहिरीवरून हंडे मी वाहत होते. ओतून कसं देणार?"