लांबची वाट

जेसीबीचा पंजा भिंतीला टेकला, तसे जगतराव धोतर सावरत धावत आले.

"थांब, पोरी! माझी भिंत कशाला पाडतीस?"

"पवनचक्कीचं पातं यायचंय, मालक. एवढं लांब, की या वळणावर भिंत आडवी येते."

वाट सरकारी, भिंत मात्र यांची. आमच्या वस्तीची ये-जा बंद व्हावी म्हणूनच घातलेली. बाबांची तिरडी इथवर आणली, तेव्हा हेच जगतराव भिंतीपलीकडून दात कोरत म्हणाले होते, "लांबनं न्या. मेलेल्याला कसली घाई?" माळावर खांदेकऱ्यांचे पाय चिखलात रुतले आणि बाबा दोनदा कलंडले.

पवनचक्की कंपनी काही कामं दलित उद्योजकांसाठी राखून ठेवते. कंपनीच्या मेळाव्यात बाकीचे उद्योजक चार पैसे सुटतील अशी कामं शोधत होते. मी फक्त आमच्या गावचा रस्ता मागितला.

"यात तुम्हाला काही उरणार नाही, बाई," साहेब म्हणाले.

"नाही उरलं तरी चालेल."

आता जगतरावांनी हात जोडले. "माळावरची वाट मोकळी हाय की. पातं लांबनं न्या."

खरं होतं. इंजिनिअरही म्हणाला होता, पातं दोन्हीकडून जाईल, वाट तुम्ही ठरवा. ती तर मी बाबांच्या तिरडीमागे चालतानाच ठरवली होती.

मी जेसीबीवाल्याला हात केला.

"मेलेल्याला घाई नसते, मालक. पात्याला असते."