हरलेल्या खटल्यांचं आभाळ

वकीलबाईंनी खिडकीचे पडदे ओढले, तशी खोलीभर ठिणग्यांची दाटी झाली. हेमलता खुर्चीतून अर्धी उठलीच.

"घाबरू नका, ताई. तुमचा भरपाईचा दावा पुढे कसकसा वळेल, ते हे यंत्र दाखवतंय. पांढऱ्या ठिणगीत आपण जिंकतो, तांबडीत हरतो. आणि हरलो, तर कारखान्याच्या वकिलाचा खर्चही तुमच्याच डोक्यावर."

छतापासून फरशीपर्यंत तांबडंच पेटलं होतं, पांढरं चिमूटभर. त्याचं कारण हेमलताला ठाऊक होतं. कारखान्यातला पत्रा कापणारा प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्यावरच चालायचा. माल भराभर निघावा म्हणून सगळ्याच बायका एक बटण चिंधीनं बांधून ठेवायच्या. तिनंही बांधलं होतं, आणि उजव्या हाताची बोटं गेली होती.

"सोडून द्या दावा," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

"या तांबड्यांत माझ्या प्रेसवर कोण असतं?"

वकीलबाईंनी एक ठिणगी मोठी केली. आत हेमलताची मैत्रीण जुबेदा काम करत होती. प्रेसला हात आत जाऊ न देणारी नवी जाळी होती. दुसऱ्या ठिणगीतही जाळी, तिसरीतही. खटला उभा राहताच मालकानं ती घाईघाईनं बसवली होती.

"आणि दावा केलाच नाही तर?"

कोपऱ्यात एक निळी ठिणगी होती. तिच्यात जुबेदा चुलीपाशी बसून डाव्या हातानं भाकरी थापायला शिकत होती.

हेमलतानं मान वर केली. हरलेल्या खटल्यांचं ते अफाट आभाळ नुसतं झगमगत होतं.

"दाव्यावर सही कुठं करायची?" म्हणत तिनं डाव्या हातानं पेन उचललं.