परक्याचं नाव

"हाच का तुझा नवरा?"

जमादार कय्युमखानानं विचारलं तेव्हा मंजुळाबाईनं पदर पुढं ओढून नुसती मान हलवली. हिंगोलीच्या ठाण्यात ती भर दुपारी उभी होती. नवरा भिंतीशी उकिडवा बसला होता. गालफडं पार बसलेली. तो तिच्याकडं बघत नव्हता.

बसऱ्यात खोटा पासपोर्ट केल्याबद्दल त्याला सजा झाली होती. ती संपल्यावर तिथल्या सरकारनं त्याला बोटीनं मुंबईला धाडलं आणि मुंबईच्या पोलिसांनी इथं. पण तिथल्या कोर्टात त्यानं सांगितलेलं 'संतराम' हे नावही खोटंच होतं, हे कुणाला कळलं नव्हतं. निजामाविरुद्ध हत्यार उचललेल्या टोळीतला ग्यानबा तो हाच, एवढं ठाण्यात कळायचा अवकाश, की फाशी.

साखरा गावच्या तातेराव पाटलांनी 'आमचाच संतराम' अशी जबानी दिली होती. आता राहिली होती बायको.

"नाव काय ह्याचं?"

तिनं पदर आणखी पुढं ओढला.

"तोंडानं सांग, बाई."

"पाटलानं सांगितलं की, साहेब."

जमादार हसला. "बराबर. नवऱ्याचं नाव कसं घेशील तू!" मग तो पुढं झुकला. "तुमच्याकडचा एक ग्यानबा पाहिजे आमाला. वळखतीस?"

"न्हाई."

"म्हंजे परका मानूस. मंग त्याचं नाव घ्यायला काय तकलीफ? घे."

नाव घेतलं तर धन्याचं आयुष्य घटतं, असं सासूनं मंजुळाबाईला बजावलेलं. भजनात साऱ्या बाया 'ग्यानबा-तुकाराम' म्हणायच्या तेव्हा ही नुसतं 'तुकाराम' म्हणायची.

जमादार आता तिच्याकडं बघतच नव्हता. तो भिंतीकडं बघत होता. हाक कानावर पडली की माणूस मान वर करतो. नवऱ्याच्या पायाचा अंगठा जमिनीवर घट्ट दाबलेला तिला दिसला.

"ग्यानबा," ती म्हणाली.

"मोठ्यानं."

"ग्यानबा!"

नवऱ्याच्या ओठावर माशी बसली. त्यानं मान वर केली नाही, माशीही उडवली नाही.

मग जमादारानं हात झटकला. "जा, घेऊन जा."

दोघं बाहेर पडले. ती पुढं, तो मागं. घरं संपली तरी कुणी मागं वळून पाहिलं नाही. कयाधूच्या पात्राशी आल्यावर ती एकदम खाली बसली. ओंजळीनं पाणी घेऊन तिनं चूळ भरली, थुंकली. पुन्हा भरली.

"मंजुळे, चल आता," तो हळूच म्हणाला.

तिनं मान हलवली, आणि पुन्हा ओंजळ पाण्यात बुडवली.